इंजिन ठणठणीत, पत्रा गेलेला

व्हॅनचं पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन संपत आलं, म्हणून हा विषय आमच्या घरात निघाला. गंज होताच. गोव्यात पंधरा पावसाळे काढलेल्या गाडीला तो असायचाच, त्याची कुणी बातमी करत नाही. पण सरकारी कागदाला तारीख असते. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर गाडी तपासून दर वेळी पाच वर्षांची मुदतवाढ. मोटारीसाठी या मुदतवाढीचं शुल्क पूर्वी 600 रुपये होतं, 1 एप्रिल 2022 पासून ते 5000 झालं. उशीर केला तर महिन्याला 500 वर. रक्कम काही घर बुडवणारी नव्हे. पण ती भरायची म्हणजे ही गाडी अजून पाच वर्षं रस्त्यावर चालेल असं आपण सही करून म्हणायचं, आणि सही करायची वेळ आली की माणूस गाडीखाली वाकून बघतो.

गाडी मारुतीची व्हॅन. 1984 मध्ये ती निघाली तेव्हा नाव नुसतं ‘मारुती व्हॅन’ होतं, 1988 मध्ये ओम्नी झालं, आणि सुरक्षेच्या नव्या नियमांत ती बसेना म्हणून 2019 मध्ये बंद झाली. मारुती 800 मधलंच 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन हिच्या पुढच्या सीटखाली बसवलेलं, त्यामुळे मे महिन्यात ड्रायव्हरची बैठक खालून शेकते. तिला कुणी देखणी म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. पण गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर विचारा, या खोक्याने काय काय वाहिलं ते. शाळेची मुलं, बांगड्याच्या पेट्या, गॅसचे सिलिंडर, बाळंतीण, चतुर्थीचा गणपती आणि माटोळीचं सगळं सामान. आमच्या मडकईतल्या व्हॅनने याशिवाय नाटकं वाहिली. जत्रा-काल्याच्या मोसमात पडदे, ऑर्गन, तबले आणि कपडेपटाच्या ट्रंका मागची सीट काढून टाकून भरायच्या, नि वर जागा उरेल तिथे नारदाने अंग चोरून बसायचं.

आणि रोजची नोकरी. माझी नोकरी वास्कोला, म्हणजे मडकईहून फेरीबोटीने जुवारी ओलांडून कुठ्ठाळीला आणि तिथून पुढे. बोरीचा पूल आहे, पण तो वळसा. फेरीबोटीने गाडी नेणाऱ्यांना माहीत आहे, बोटीचा रॅम्प धक्क्यावर टेकतो तिथे पाणी असतंच. ओहोटीला कमी, भरतीला जास्त. चाक त्यातून जातं आणि पाण्याचा फवारा थेट गाडीच्या पोटावर. पावसाळ्यात नदीला डोंगराचं गोडं पाणी आलेलं असतं, तेव्हा ते तितकं बाधत नाही. पाऊस सरला की समुद्र नदीत आत शिरतो आणि उन्हाळाभर जुवारीचं पाणी खारट असतं. म्हणजे ज्या दिवसांत आपल्याला वाटतं की आता गाडी कोरडी आहे, त्याच दिवसांत तिच्या पोटाला रोज मिठाचा लेप बसत असतो. फेरीबोटीच्या गाड्या खालून आधी जातात, हे आमच्याकडे गॅरेजवाले गाडी बघायच्या आधीच सांगतात. नंबर बघून गाव विचारतात, आणि गाव ऐकून मान हलवतात.

लोखंड गंजायला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि हवा. गोव्यात या दोन्हींची ददात नाही. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, तो बहुतेक चार महिन्यांत, आणि त्या चार महिन्यांत वाळणं म्हणून काही नसतं. तिसरी गोष्ट मीठ. ते स्वतः लोखंडाला खात नाही, पण ओलाव्यात विरघळलं की त्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजायची सगळी क्रिया कित्येक पटींनी वेग घेते. शिवाय मीठ पाणी धरून ठेवतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीत मिठाला पाणी सुटतं ना, तेच गाडीच्या पत्र्यावर होतं: पाऊस नसला, वरून गाडी पुसून कोरडी केली, तरी कोपऱ्यात बसलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेऊन ती जागा ओलीच ठेवतं. त्यात आमची तांबडी माती. चाकाच्या वरच्या पोकळीत ती थापून बसते आणि नोव्हेंबरपर्यंत ओल सोडत नाही.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून रंगाखाली आधी फोड येतात. बाहेरून चण्याएवढा फोड दिसतो तेव्हा आत रुपयाएवढा पत्रा गेलेला असतो, कारण गंज बहुधा आतून बाहेर येतो. दाराच्या तळाला पाणी निचरायला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती आंब्याच्या मोहोराने आणि धुळीने बुजली की दारात पाणी साचतं, आणि दार खालून कुरतडल्यासारखं होतं. व्हॅनचं सरकतं दार ज्या रुळावर चालतं त्या रुळात तेच. काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी पानं कुजतात, तिथेही तेच. आणि एक गोष्ट सगळ्यांना सांगावीशी वाटते: गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घालून चारी बाजूंनी बांधू नका. जमिनीची वाफ वर येते, ताडपत्रीला आतून लागते, आणि थेंब होऊन पुन्हा गाडीवरच पडते. त्यापेक्षा चार बाजूंनी उघडा मांगर बरा. वर छप्पर, खाली काँक्रीट, मधून वारा.

फोंड्याच्या बाजूला आमचा एक ओळखीचा मेस्त्री आहे. इंजिनचं काम करतो, पत्र्याचंही करतो, आणि दोन्हींत मत देताना आडपडदा ठेवत नाही. त्याच्याकडे गाडी नेली तर तो बोनेट उघडेल, इंजिन ऐकेल असं मला वाटलं होतं. त्याने इंजिनकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातून एक लोहचुंबक काढला, जुन्या स्पीकरमधला, आणि तो गाडीच्या अंगावरून फिरवायला लागला. जिथे पत्रा होता तिथे चुंबक टक्कन चिकटायचा. जिथे पुटी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप होता, तिथे घसरून हातात यायचा. मागच्या दोन्ही चाकांवरच्या कमानी, डाव्या दाराचा खालचा वीतभर भाग, पुढच्या दिव्याखालची पट्टी, सगळीकडे घसरला. म्हणजे कधीकाळी कुणीतरी केलेल्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये पत्र्याच्या जागी पुटी भरून वर झकास पांढरा रंग मारला होता. गाडी मी सेकंडहँड घेतली होती. ते रंगकाम माझ्या आधीचं.

मग त्याने गाडी जॅकवर घेतली, खाली आडवा झाला, आणि स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन ठोकत ठोकत मागे गेला. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, गेलेल्याचा थप्प येतो. बऱ्याच ठिकाणी खणखणीत आला. मग मागच्या डाव्या बाजूला, चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याचं ब्रॅकेट जिथे मेंबरला, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या लांब डब्याला जोडलेलं असतं तिथे, थप्प आला. त्याने स्क्रू-ड्रायव्हर उलटा केला, टोक टेकवलं, आणि फारसा जोर न लावता ते आत गेलं. वर मला त्याचा आवाज ऐकू आला, "पत्रो गेला. इंजीन मात बरें आसा."

हे वाक्य गोव्यातल्या गॅरेजांत रोज कुठे ना कुठे बोललं जात असेल, आणि तरी मला ते तेव्हाच नीट समजलं. घाटावर गाडी वेगळ्या वाटेने मरते. सोलापूर-विजापूरकडची पंधरा वर्षांची गाडी बघा: रंग उन्हाने उडालेला, डॅशबोर्डला भेगा, इंजिन लाखभर किलोमीटरनंतर धूर सोडणारं, पण खालून पत्रा करकरीत. तिथे अंतरं लांब, हवा कोरडी. आमच्याकडे अंतरंच नाहीत. पेडण्याहून काणकोणला जायचं म्हटलं तरी दुपारच्या जेवणाला पोचतो. गाडी वर्षानुवर्षं चालते थोडी, उभी राहते फार, आणि उभी राहते ती ओल्यात. त्यामुळे गोव्यातली गाडी मरते तेव्हा तिचं इंजिन तरुण असतं. मालकाची फसगत इथेच होते. किल्ली फिरवली की गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते, आवाज गोड, ॲव्हरेज बरं. अशी गाडी मोडीत काढायची म्हटलं की मन म्हणतं, छे, हिला काय झालंय? इंजिन चालू आहे म्हणजे गाडी चालू आहे, असा आपला जुना समज.

माझा मेव्हणा वाळपईला राहतो. त्याच्याकडे कुळागराच्या कामाला महिंद्राची जुनी जीप आहे, माझ्या व्हॅनहून पुष्कळ म्हातारी. तिचं वरचं सगळं अंग त्याने एकदा उतरवून नवं घातलं. जीपला खाली जाड पोलादाची वेगळी शिडी असते, चेसीस. इंजिन, चाकं, पाटे सगळं त्या शिडीला बांधलेलं, आणि वरचा पत्रा म्हणजे अंगरखा. तो फाटला तर बदलता येतो. व्हॅनला असली शिडी नाही. तिच्यात पातळ पत्रे दुमडून, डबे करून, एकमेकांना जोडून जो आकार होतो तोच तिचा सांगाडा. ‘मेंबर’ म्हणतात तो लांब डबाही पत्र्याचाच. म्हणून मेव्हण्याचा सल्ला, "वेल्डिंग मारून घे, माझी बघ कशी पळते," हा मला लागू पडत नव्हता. गाडी दुरुस्त करायची की मोडायची हे ठरवताना मालकाने पहिल्यांदा विचारायला हवं ते हेच: गंज अंगरख्याला आहे की हाडाला? दार, कमान, बोनेट, मडगार्ड कितीही गेले तरी तो पैशांचा प्रश्न. पाट्याचं ब्रॅकेट, पुढच्या आर्मची जागा, सीटबेल्टचा बोल्ट जिथे बसतो ती जागा, स्टीअरिंगचा आधार, यांपैकी काही गेलं तर तो जिवाचा.

मेस्त्री दुरुस्ती करणारच नाही असं नव्हतं. करून देतो म्हणाला. डाव्या मेंबरचा तुकडा कापायचा, चांगला पत्रा लागेपर्यंत मागे जायचं, नवा जाड पत्रा वाकवून जोडायचा. कमानी, दाराचा तळ, थोडा फ्लोअर, मग रेड ऑक्साईड, खालून कोटिंग, आणि वर रंग. अंदाज साठ हजारांचा. पण त्यापुढे त्याने जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. गंजलेल्या कडेवर वेल्डिंग धरत नाही, पत्रा जळतो आणि भोक वाढतं. बरं, चांगल्या पत्र्यापर्यंत जाऊन जोड मारला तरी उष्णतेने आतल्या बाजूचा रंग आणि जस्ताचा थर जळून जातो. उघड्या पत्र्याला मागून रंग मारता येतो. मेंबर म्हणजे बंद डबा, त्याच्या आत ब्रश जात नाही. पिचकारीने मेण किंवा तेल सोडता येतं, ते कुठे पोचलं कुठे नाही हे देवाला ठाऊक. म्हणजे ज्या दिवशी जोड पक्का झाला त्याच दिवशी जोडाच्या पाठीमागे नवा गंज सुरू. "हांव करून दितां," तो म्हणाला, "पूण मागीर म्हाका सांगूं नाकात."

आमच्या पिढीच्या गोवेकरांना न दिसणाऱ्या गंजाची गोष्ट नव्याने सांगावी लागू नये. मांडवीवरचा नेहरू पूल 1970 मध्ये खुला झाला आणि 5 जुलै 1986 रोजी कोसळला. सोळा वर्षं. एका गाडीच्या पहिल्या रजिस्ट्रेशनहून जेमतेम एक वर्ष जास्त. वरून काँक्रीट होतं, रस्ता होता, गाड्या जात होत्या. आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेने खाल्ल्या होत्या. पुढे 1992 मध्ये नवा पूल होईपर्यंत पणजी-बेतीमध्ये फेरीबोटींच्या रांगा लागायच्या. जुवारीवरचा 1983 चा पूलही याच दुखण्याने पुढे अधू झाला, अवजड वाहनांना त्यावर बंदी घालावी लागली, आणि 2022 च्या अखेरीस शेजारी नवा पूल उघडला तेव्हा कुठे लोकांनी श्वास सोडला. हे सगळं पाहिलेला माणूस स्वतःच्या व्हॅनखाली स्क्रू-ड्रायव्हर आत गेलेला बघतो, आणि तरी म्हणतो, इंजिन चांगलं आहे हो.

दादाचं म्हणणं सोपं होतं: मोड. त्याने मोबाईलवर हिशेब मांडला. साठ हजारांची दुरुस्ती, पाच हजार शुल्क, वर विमा, आणि हे सगळं करून बाजारात या गाडीची किंमत साठ हजारही येणार नाही. हा हिशेब बरोबर असला तरी मला तो कधी पटत नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून बघायचा हा नियम विमा कंपनीचा आहे, घरचा नव्हे. मला ती गाडी विकायची नव्हती, वापरायची होती. साठ हजारांत पुढची पाच वर्षं बिनधास्त मिळत असतील तर ते नव्या गाडीच्या हप्त्यापुढे काहीच नाही. प्रश्न किमतीचा नव्हताच. ‘बिनधास्त’ या शब्दापाशी गाडी अडत होती.

बायको म्हणाली, राहू दे दारात, नाटकाचं सामान ठेवायला उपयोगी पडेल. हा तिसरा पर्याय. आपल्याकडे बहुतेक लोक हाच निवडतात, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर जाते. चालती गाडी निदान तापते, वारा खाते, तिच्या अंगावरचं पाणी उडतं. उभ्या गाडीचे टायर एका जागी बसतात, ब्रेक धरून बसतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, वायरी उंदीर कुरतडतात.

हे बघायला लांब जायला नको. डिचोली, साखळी, पाळी, तिकडे सांगे-कुडचडे, कुठेही जा. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा खनिज वाहणारे हजारो टिपर अंगणांत, शेतांच्या कडेला, देवळांच्या मोकळ्या जागांत उभे राहिले. कर्ज काढून घेतलेले ट्रक. कुणाच्या बायकोचं सोनं गहाण, कुणाची जमीन. मधे काही काळ खाणी चालल्या, मग सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, 16 मार्चपासून काम थांबलं, आणि ट्रक पुन्हा उभे. ‘पुढच्या मोसमात सुरू होईल’ या एका वाक्यावर ते किती मोसम उभे होते! साखळीच्या बाजूला एका ओळखीच्या घरी मी गेलो होतो, तिथे अंगणातल्या टिपरच्या हौद्यात पावसाचं पाणी साचून रानझाडं उगवली होती आणि कॅबिनच्या खिडकीतून वेल आत गेली होती. मालक दर आठवड्याला जाऊन इंजिन सुरू करून दहा मिनिटं चालवायचा. इंजिन चालू होतं. हौद्याचा तळ चाळणीसारखा झाला होता. त्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. विकायला घेणारा नव्हता, आणि भंगारात घालायचा तर बँकेचं काय करायचं? त्याच्यापुढे निवड नव्हती. माझ्यापुढे होती.

आणि ज्यांच्यापुढे निवड असते ते काय करतात हेही गोव्याने पाहिलं आहे. जून 2000 मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचं खनिजवाहू जहाज वादळी पावसात कांदोळीच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं. ओढायचं कुणी, तोडायचं कुणी, पैसे कुणी द्यायचे, यावर दहा वर्षांहून जास्त काळ वाद, निविदा आणि बैठका चालल्या. तोवर ते वाळूत बसत गेलं आणि दर वर्षी काढायला आणखी अवघड होत गेलं. पर्यटक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढायचे.

म्हणून दारात उभी ठेवायची नाही, एवढं मी आधी ठरवलं. आठवणींसाठी ठेवायची हे तर मला मुळीच पटत नाही. आठवणींना चार चाकं लागत नाहीत. फोटो आहेत, त्यात पांढरी व्हॅन आहे, आत मुकुट घातलेला धर्मराज दाराच्या काचेतून हात दाखवतो आहे. तेवढं पुरे. पन्नास वर्षं झाली की गाडी कायद्याने ‘व्हिंटेज’ ठरते आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, असं पुतण्याने सांगितलं. अजून पस्तीस वर्षं. तोवर नंबरप्लेट तेवढी उरेल.

दुरुस्तीच्या बाजूने खरं वजन एकाच गोष्टीचं होतं, आणि ती म्हणजे आई. तिचे गुडघे गेलेत. पुतण्याच्या बुटक्या गाडीत तिला वाकून, मान घालून, अंग फिरवून बसावं लागतं, आणि उतरताना दोघांनी ओढून काढावं लागतं. व्हॅनचं दार सरकतं, आतल्या बैठकीची उंची तिच्या कमरेला नेमकी येते, ती पाय ठेवते आणि बसते. कवळ्याला शांतादुर्गेला जायचं असो की फोंड्याला डॉक्टरकडे, तिची ठरलेली जागा डाव्या दाराशी. त्या दारामागेच ते ब्रॅकेट. मेस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हर खुपसला ती जागा तिच्या बैठकीच्या हातभर मागे होती. हे लक्षात आल्यावर माझ्यापुरता हिशेब संपला.

मोडायची ठरली, पण मोडणंही नीट करावं लागतं. रस्त्याकडेच्या भंगारअड्ड्यावाल्याने अठरा हजार देऊ केले, रोख, आणि ‘कागदांचं बघू नका’ म्हणाला. कागदांचंच बघावं लागतं. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं, आरसी परत करायची, असं मोटार वाहन कायद्याचं 55 वं कलम सांगतं. ते केलं नाही तर गाडीचे तुकडे झाले तरी कागदावर ती तुमचीच. उद्या तिचा चेसीस नंबर दुसऱ्या कुठल्या चोरीच्या गाडीवर उमटला तर पोलीस तुमच्याच दारात येणार. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राचं स्क्रॅप धोरण आलं तेव्हापासून सरकारमान्य केंद्रात गाडी दिली की ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं. ते दाखवलं की नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते, आणि राज्यांना खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट देता येते. अनेकांचा असा समज आहे की पंधरा वर्षं झाली की गाडी मोडावीच लागते. ती सक्ती सरकारी गाड्यांना आहे. दहा वर्षांचं डिझेल नि पंधरा वर्षांचं पेट्रोल हे प्रकरण दिल्ली परिसराचं. आपल्याकडे खासगी गाडी तपासणीत पास झाली तर चालवा. त्यामुळे मोडायचं ते कायद्याच्या धाकाने नव्हे, पत्रा बघून.

मेस्त्रीला हे कळलं तेव्हा तो खरोखर दुखावला. पत्र्याबद्दल नाही, इंजिनबद्दल. केंद्रात गाडी अख्खीच द्यायची, म्हणजे ते तीन सिलिंडरही भट्टीत जाणार. त्याने एक युक्ती काढली: बेळगावकडून इंजिन निकामी झालेली पण पत्रा धड असलेली एखादी व्हॅन आणायची, तुमचं इंजिन तिच्यात टाकायचं, आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद करून घ्यायची. घाटावरचं अंग, गोव्याचं काळीज. कल्पना इतकी झकास होती की दादासुद्धा क्षणभर गप्प झाला. मीही चोर्ला घाटातून जायच्या बेताला लागलो होतो. मग कागदांची यादी लिहून काढली. कर्नाटकातलं एनओसी, गोव्याचा रोड टॅक्स, तीही गाडी पंधरा वर्षांचीच असणार म्हणून तिची मुदतवाढ, शिवाय मेस्त्रीची मजुरी. आणि एवढं करून तीही गाडी रोज त्याच फेरीबोटीवर चढणार. यादी घडी करून मेस्त्रीच्या हातात दिली. त्याने वाचली नाही.

आता त्याच कंपनीची ईको घेतोय, हप्त्यावर. सरकतं दार असलेली दुसरी गाडी या किमतीत नाही, म्हणून निवडायचा प्रश्नच आला नाही. आईला शोरूममध्ये नेली. तिने रंग बघितला नाही, किंमत विचारली नाही; दार सरकवून पाहिलं, पाय ठेवून पाहिला, आणि म्हणाली, आपल्या गाडीपेक्षा उंच आहे. सेल्समन सांगत होता की नाही हो आजी, सारखीच आहे. मेस्त्रीने नंतर उलगडा केला: जुन्या व्हॅनचे मागचे पाटे वर्षानुवर्षांच्या ट्रंकांनी बसले होते, म्हणून ती तिच्या गुडघ्याला बरोबर यायची.

दाराखाली एक पायदान हवं, एवढंच काम उरलं. मेस्त्री म्हणाला, अर्ध्या तासाचं काम आहे, दोन जागी वेल्डिंग मारतो. मी म्हटलं, वेल्डिंग नको. कंपनीने ठेवलेल्या भोकांत बोल्टने बसव, मधे रबराचा वायसर घाल, आणि बोल्टला ग्रीस लाव. तो हसायला लागला, म्हणाला, "आतां तुमकां शिकोवपाची गरज ना."